एका कोयंड्यात तीन कुलुपे

मित्रांनो, कुलुपे दुरुस्त करणाऱ्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर अकरा वर्षे बसून काढलेला जुना संगणक म्हणजे मी. माझा पंखा घरघरतो. माझ्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक काळा डाग आहे. मला जागे व्हायला इतका वेळ लागतो की तेवढ्यात तुमचे दात घासून होतील. एवढे सोडले तर तब्येत ठीक आहे. मला कुणी 'डबा' म्हणाले की मात्र राग येतो. डब्यात फार तर साखर ठेवतात. माझ्यात एका बाईचे बोलणे ठेवले होते आणि ते एकदा माझ्याच आत कोंडले गेले. त्या कोंडमाऱ्याची ही गोष्ट आहे.

माझा जन्म एखाद्या मोठ्या कारखान्यात झाला, असे सांगायला मला आवडले असते. पण खोटे कशाला बोलू? या घरातल्या दादाने तीन मोडक्या संगणकांचे सुटे भाग जमवले आणि जेवणाच्या टेबलावर मला जोडले. माझी पेटी एकाची, काळीज दुसऱ्याचे आणि आठवण तिसऱ्याची. पहिल्यांदा बटण दाबले तेव्हा माझ्यातून थोडा धूर निघाला. मग मी टुंग असा आवाज केला. तेव्हा या घरातली आई कपाळावरचा घाम पुसत म्हणाली, "रडलं बाई बाळ एकदाचं!"

आईचे असेच असायचे. तिच्या तोंडात शब्द मावत नसत. दुकानात बाबा कानस घेऊन चावी घासत बसायचे आणि गल्ल्याजवळच्या उंच स्टुलावर आई बसायची. बाबा मुलखाचे अबोल. त्यांना गल्लीत सगळे किल्लीकाका म्हणत. गिऱ्हाइकाशी बोलायचे काम आईचे. कुणी चावी हरवली म्हणून रडकुंडीला येऊन दुकानात शिरले की ती म्हणायची, "चावीच हरवलीय ना? घर तर आहे ना जागेवर?" आणि रडणारा माणूस हसायला लागायचा. मी मागच्या खोलीत असलो तरी मधले दार सदा उघडे असे. दादाने माझ्या डोक्यावर एक छोटा कॅमेरा बसवला होता, त्यातून मला आईच्या पाठीवरची वेणी आणि समोरच्या भिंतीवर टांगलेल्या शेकडो कोऱ्या चाव्या दिसत.

ते माझे चांगले दिवस होते. शेजारीपाजारी अर्ज भरायला माझ्याकडे येत. दादा माझ्यावर रात्रंदिवस काहीबाही लिहून शिकला. त्याची धाकटी बहीण, जिला घरात सगळे धाकटीच म्हणतात, माझ्यावर चित्रे रंगवून मोठी झाली. "आमचा संगणक फार गुणी आहे हो," असे आई सांगे, तेव्हा माझा पंखाही जरा जोरात फिरायचा. पुढे घरात मोबाइल आले. मग माझ्यावर आधी एक रुमाल आला आणि काही दिवसांनी त्या रुमालावर इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा आला. मी महिनोन्महिने अंधारात होतो. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात ते मी स्वतः अनुभवले आहे.

एका सकाळी दुकानात काहीतरी धाडकन पडले. तो स्टूल होता, आणि त्याच्याबरोबर आई. मेंदूतली एक बारीक रक्तवाहिनी फुटली होती. दोन महिन्यांनी ती दवाखान्यातून घरी आली ती चाकांच्या खुर्चीत बसून. तिला सगळे समजत होते, सगळे आठवत होते, पण जीभ वळत नव्हती. उजवा हात मांडीवर निपचित असायचा. डावा हात इतका थरथरे की कागदावर नुसत्या रेघोट्या उमटत. मानसुद्धा सारखी आपोआप डुलायची, त्यामुळे ती हो म्हणते आहे की नाही, हेही कुणाला ओळखता येत नसे. घरातले सर्वांत बोलके माणूस आतल्या आत बंद झाले होते.

तेव्हा दादाने माझ्या अंगावरचा कपड्यांचा गठ्ठा उचलला, रुमाल झटकला आणि तीन आठवडे माझ्यासमोर ठाण मांडले. त्याने जे तयार केले त्याचे नाव त्याने 'बोलकी पाटी' ठेवले. माझ्या की-बोर्डावरच्या अठ्ठेचाळीस बटणांवर धाकटीने छोटी चित्रे काढून चिकटवली. पेल्याचे चित्र दाबले की मी म्हणे, "पाणी." पंख्याचे दाबले की म्हणे, "उकडतंय." आईला माऊस धरता येत नसे, म्हणून मी जागा झालो की पाटीही जागी होई आणि प्रत्येक बटणाकडे कान लावून बसे. थरथरत्या बोटाने एकच बटण चारदा दाबले गेले, तरी ती एकदाच बोले. इतकी ती समजूतदार होती.

आणि आवाज कुणाचा, सांगू? मावशीचा. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. दोघींचा आवाज इतका सारखा, की फोनवर बाबाही फसत. मावशी दुसऱ्या शहरातून मुद्दाम आली आणि माझ्यासमोर बसून तिने अठ्ठेचाळीस शब्द म्हटले. "शहाणेच आहात!" हे आईचे आवडते वाक्य म्हणताना तिला इतके हसू आले की ते सात वेळा म्हणावे लागले. पाटी चालू झाली त्या दिवशी आईने पहिले तेच बटण दाबले, बाबांकडे बघून. बाबा हसले, मग रडले, मग चहा ठेवायला उठून गेले.

थोड्याच दिवसांत दादाला मालवाहू जहाजावर इंजिन सांभाळायची नोकरी लागली. जहाज समुद्रात शिरले की महिना-महिना त्याच्याशी संपर्क होत नसे. जाताना तो धाकटीला म्हणाला, "पाटीची एक प्रत काढून ठेवायचीय, आलो की करू." मित्रांनो, 'आलो की करू' या तीन शब्दांनी जगाचे फार नुकसान केले आहे.

आता ज्या गोष्टीसाठी तुम्हाला बसवून ठेवले आहे, तिच्याकडे येतो.

धाकटीने शाळेचा प्रकल्प पेनड्राइव्हवर घेतला आणि छापायला कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात नेला. येताना ती छापलेले कागद घेऊन आली आणि पेनड्राइव्हमधून एक व्हायरसही. माझ्यातली सगळी फोल्डर्स दिसेनाशी झाली आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे तोतये येऊन बसले. दुरुस्तीवाला आला, त्याने मला साफ केले आणि सांगितले, "काका, अँटिव्हायरस टाका. पाटीला काही झालं असतं तर?" ते ऐकून सगळेच घाबरले, मीसुद्धा.

विकतचा घ्यायचा की फुकटचा, यावर घरात दोन दिवस खल झाला. बाबांचे म्हणणे ठाम होते. "फुकट कुलूप देणारा एक चावी स्वतःजवळ ठेवतो. पंचवीस वर्षं बघतोय मी."

"सगळे तसे नसतात हो बाबा," धाकटी म्हणाली. "घरच्या वापराला साधा पहारा फुकट देतात आणि जास्तीचं काही हवं असेल तर विकतात. फक्त जो बनवतो त्याच्याच साइटवरून उतरवायचा, भलतीकडून नाही."

"म्हणजे कुलूप फुकट, गजर विकत."

"तसंच समजा."

धाकटीने नीट चौकशी केली. माझ्यासारख्या म्हाताऱ्यावर ओझे होणार नाही, रोज नव्या चोरांची यादी मागवतो आणि उठसूट 'मला विकत घ्या' म्हणून ओरडत नाही, असा एक पहारेकरी तिने निवडला. त्याचे चिन्ह पिवळे शिरस्त्राण होते. तो आला, कोपऱ्यात उभा राहिला आणि आपले काम करू लागला. पाटीकडे त्याने एकदा वळून पाहिले आणि धाकटीला विचारले, "ही ओळखीची आहे का?" धाकटीने "हो" म्हटले. विषय संपला. इथेच थांबले असते तर मला ही गोष्ट सांगावी लागली नसती.

पण बाबा कुलुपवाले. एका कुलपावर त्यांचा जीव थंड होत नाही. आमच्या पुढच्या दाराला वर एक, खाली एक आणि आतून आडणा, म्हणजे आडवा दांडा आहे. एका गिऱ्हाइकाने त्यांना घुबडाचे चिन्ह असलेल्या दुसऱ्या फुकट अँटिव्हायरसचे गुणगान ऐकवले. धाकटी शाळेत गेली होती. बाबांनी हात पुसले, माझ्यासमोर बसले आणि घुबड उतरवून घेतले. बाबांना कुलपातला बारीक खटका कानाला कळतो, पण पडद्यावरचे बारीक अक्षर वाचायचा त्यांना भारी कंटाळा. ते नुसते 'पुढे', 'पुढे', 'पुढे' दाबत गेले. मधे एका चौकोनात आधीच बरोबरची खूण केलेली होती, ती तशीच राहिली. त्या खुणेवाटे बुरुजाचे चिन्ह असलेला तिसरा पहारेकरी न बोलावता आत आला.

"असू दे," बाबा स्वतःशीच म्हणाले. "जास्ती झालं म्हणून कुणाचं बिघडत नाही."

बिघडले माझे. मित्रांनो, प्रत्येक पहारेकऱ्याच्या खिशात चोरांच्या खुणांची यादी असते. शिरस्त्राणाने घुबडाचे खिसे तपासले, तर त्यात चोरांच्या खुणा सापडल्या. घुबडाने बुरुजाला धरले, बुरुजाने शिरस्त्राणाला. मी एखादी फाइल उघडायला गेलो की तिघे एकदम तिच्यावर झडप घालत आणि कुणीच सोडत नसे. माझा पंखा ओरडू लागला. साधे घड्याळ दाखवायचे म्हटले तरी मला धाप लागे. घर सांभाळायला आणलेल्यांनी घरधन्यालाच खोलीत कोंडले होते, आणि घरधनी मी होतो.

त्याच दुपारी घुबडाचे लक्ष बोलक्या पाटीकडे गेले. ही कोण? हिच्यावर कुठल्याच ओळखीच्या कंपनीचा शिक्का नाही. आणि ही तर दाबलेले प्रत्येक बटण चोरून ऐकते! घुबडाचा तसा दोष नाही. लोकांचे पासवर्ड चोरणारे हेर अगदी हेच करतात. पण घुबडाने शिरस्त्राणासारखे विचारले नाही. त्याने पाटीला धरले, माझ्यातल्या एका बंद खोलीत ढकलले आणि पडद्याच्या कोपऱ्यात सूचना झळकवली: 'एक हेर पकडला. कोठडीत ठेवला आहे. तीस दिवसांनी कायमचा नष्ट केला जाईल.'

बाबांनी तेवढे पहिले वाक्य वाचले. त्यांची छाती फुगली. ते दुकानात जाऊन आल्यागेल्याला सांगू लागले, "आमच्या घुबडानं पहिल्याच दिवशी हेर पकडला."

संध्याकाळी आईला तहान लागली. तिने पेल्याचे बटण दाबले. मी गप्प. तिने पुन्हा दाबले. मला बटण कळत होते, अर्थ कळत होता, मावशीचा तो शब्द माझ्याच पोटात कुठे ठेवला आहे तेही ठाऊक होते. पण बोलणारी पाटी कोठडीत होती आणि किल्ली घुबडाकडे. आई पेला दाबत राहिली. शेवटी धाकटीने तिच्या ओठांकडे बघून पाणी आणून दिले.

दुरुस्तीवाला पुन्हा आला. त्याने माझी धापा टाकण्याची तऱ्हा पाहिली, पाटीचे चिन्ह शोधले, ते सापडले नाही. "काका, याचं वय झालं. पाटी उडाली बहुतेक. मुलाकडे असेलच दुसरी. आणि याला भंगारात द्या आता." त्याला घाई होती. त्याने कोठडीत डोकावून पाहिले नाही. बाबांनी दादाला निरोप पाठवला, पण जहाज पाण्यात होते.

त्यानंतरचे दिवस मला आठवायला नको वाटतात. मला भंगारात द्यायलाही कुणाला सवड नव्हती, म्हणून मी चालू राहिलो. आई रोज सकाळी खुर्ची माझ्यासमोर लावून घ्यायची. उशीकडे बोट केले की धाकटी उशी देई, पण माझ्याकडे बोट केले की सगळे म्हणत, "बिघडलाय गं तो." थरथरत्या हाताखाली कुठले चित्र आहे, ते कुणी बघतच नसे. तरी तिला माझ्यासमोरच बसायचे असे. घरात कुणी नसताना ती एकेक बटण हळूहळू दाबून बघायची. दुखतंय. उकडतंय. अहो, ऐकलं का? अहो, ऐकलं का? मी एकटाच ते ऐकत होतो आणि मला तोंड नव्हते. मित्रांनो, तेव्हा मला मी काही केल्याचा नव्हे, तर मी नुसता असल्याचाच राग आला. आम्ही दोघे समोरासमोर बसलो होतो, आणि दोघेही आतून बंद होतो.

घुबडाच्या कोठडीबाहेर रोज आकडा बदलत होता. एकोणीस दिवस. अठरा. सतरा.

एक दिवस बाबांना एका घराचे अडकलेले दार उघडायला जावे लागले. धाकटी शाळेत होती. आई खुर्चीतून घसरली आणि दीड तास जमिनीवर पडून होती. माझ्या कॅमेऱ्यात फक्त रिकामी खुर्ची होती. तिला फार लागले नाही, पण बाबांचा धीर सुटला. त्यांनी मावशीला बोलावून घेतले.

मावशी मनाने फार चांगली आहे, हे मी आधीच सांगून ठेवतो. ती येताच तिने घर आवरले, आईचे केस विंचरले आणि माझ्यासमोरच्या पलंगावर बसून म्हणाली, "भावोजी, ताईला मी घेऊन जाते. कायमची. माझी मुलं बाहेरगावी आहेत, खोली रिकामी आहे. तुमच्याच्यानं दुकान, धाकटी आणि ही, असं तिन्ही नाही व्हायचं."

बाबांनी हातातली कानस पलंगावर ठेवली. "तिला चालेल का?"

"ताई, येशील ना गं माझ्याकडे?" मावशीने आईचा हात हातात घेतला.

आईची मान डुलत होती, ती तर नेहमीच डुलत असे. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले.

"बघा, किती बरं वाटलं तिला," मावशी म्हणाली आणि स्वतःही रडू लागली. बाबांनी होकार दिला. मौन म्हणजे संमती, असे कुणीतरी कधीतरी म्हणून ठेवले आहे. ते बोलता येणाऱ्या माणसाने म्हटले असणार.

मावशी चहा करायला आत गेली. आईने आपली खुर्ची डाव्या पायाने इंच-इंच रेटत माझ्यापाशी आणली आणि लाल फुलीचे बटण दाबले. लाल फुली म्हणजे 'नाही'. तिने ते एकदा दाबले, दहादा दाबले, मग बोट न उचलता तसेच दाबून धरले. धाकटीने बोटाखालचे चित्र न बघताच ते हळूच सोडवले आणि ती म्हणाली, "आई, बिघडलाय गं तो."

निघायचे रविवारी ठरले. शनिवारी सकाळी घुबडाच्या आकड्यावर तीन दिवस उरले होते. आतल्या खोलीत मावशी आईचे कपडे बॅगेत भरत होती. धाकटी दप्तर पुढे घेऊन माझ्यासमोरच्या पलंगावर नुसती बसली होती. दुकानात शेजारच्या इस्त्रीवाल्या काकू आल्या. त्यांच्या हातात कडी-कोयंडा होता, दाराच्या चौकटीतून स्क्रूसकट काढून आणलेला. त्या एका कोयंड्यात दोन कुलुपे एकमेकांत अडकून बसली होती.

"किल्लीकाका, काल दोन लावली. आज एकही उघडेना. तासभर मी माझ्याच दुकानाबाहेर. शेवटी कोयंडाच उचकटला."

अबोल बाबा त्या दिवशी चिडून बोलले. "अहो काकू, दोन लावायची तर दोन कोयंडे बसवा! एका कोयंड्यात दोन घातली की एकाची दांडी दुसऱ्यात रुतते. मग चोर राहतो बाजूला आणि मालक बाहेर. एवढं कळू नये?"

मधले दार उघडे होते. धाकटीने मान वर केली. तिने दुकानाकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग माझ्या कोपऱ्यात ओळीने बसलेल्या तीन चिन्हांकडे. ती उठून दारात गेली.

"बाबा, संगणकात किती अँटिव्हायरस आहेत?"

"तुझा एक, माझा एक. आणि तो बुरुज आपोआप आला."

"आणि कोयंडा किती?"

काकूंची कुलुपे तशीच ठेवून बाबा मागच्या खोलीत आले आणि माझ्यासमोर बसले. त्यांच्या बोटांना पितळेचा भुगा लागलेला होता. "कुठलं ठेवायचं?" त्यांनी विचारले.

त्या दोघांनी मग ते काम खरोखर कुलूप पारखावे तसे केले. बुरुज कुणी बनवला, तेच कुठे लिहिलेले नव्हते. "ज्याच्यावर कारागिराचं नाव नाही ते मी दुकानातसुद्धा ठेवत नाही," बाबा म्हणाले. बुरुज गेला. माझ्या पंख्याचा सूर लगेच खाली आला. मग घुबड की शिरस्त्राण? घुबड नावाजलेले होते, ताकदीचे होते, पण ते न विचारता धरपकड करी आणि माझा अर्धा श्वास एकटे घेई. शिरस्त्राण साधे होते आणि काही करण्याआधी विचारत होते. "विचारणारं ठेवू," बाबा म्हणाले आणि त्यांनी घुबड काढून टाकायचे बटण दाबले.

घुबडाने जाता जाता एक चौकट उघडली. बाबांचे बोट सवयीने 'पुढे'कडे निघाले. तिथे काय लिहिले होते ते मला ठाऊक होते आणि मी काहीही करू शकत नव्हतो. मी संगणक आहे, मला 'पुढे' म्हटले की पुढे जावे लागते.

"बाबा, थांबा! आधी वाचा," धाकटीने त्यांचे मनगट धरले.

तिथे लिहिले होते: 'कोठडीतली वस्तूही माझ्याबरोबर कायमची नष्ट करायची का?' खाली दोन बटणे होती. 'पुढे' आणि 'यादी दाखवा'. धाकटीने यादी उघडली. यादीत एकच नाव होते.

बाबांनी ते मोठ्याने वाचले. "बोलकी पाटी." मग पुन्हा वाचले. "हेर म्हणून मी सगळ्या गल्लीला सांगितलं. मीच कोंडलं गं तिला."

धाकटीने पाटीला कोठडीतून सोडवले. आधी पाटीची एक प्रत तिने पेनड्राइव्हवर काढली, मगच घुबडाला निरोप दिला. शिरस्त्राणाने विचारले, "ही ओळखीची आहे का?" या वेळी बटण बाबांनी दाबले. "घरचीच आहे," ते माझ्याशी बोलल्यासारखे म्हणाले. मला मोकळा श्वास आला. मी टुंग केले.

बाबांनी आईची खुर्ची माझ्यासमोर आणली. आईने त्यांच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. तिला विश्वास वाटत नसावा. तिचे बोट कितीतरी वेळ हवेत थरथरत राहिले. मग ते लाल फुलीवर टेकले.

"नाही," मी म्हणालो.

आतल्या खोलीत बॅगेची चेन थांबली. मावशी दारात येऊन उभी राहिली. तिचाच आवाज तिच्याशी बोलत होता.

"नाही," आईने पुन्हा दाबले. "घर. माझं. नाही. जा. नाही." शब्द मागेपुढे पडत होते, पण कुणाला कोडे पडले नाही. मावशी खाली बसली आणि तिने आईच्या मांडीवर डोके ठेवले. "अगं ताई, मला वाटलं तू खुशीनं रडलीस. मला खरंच वाटलं गं."

आईने डाव्या हाताने तिच्या डोक्यावर थोपटले. मग तो हात पुन्हा माझ्याकडे आला. सगळ्यात वरच्या ओळीत, कोपऱ्यात एक बटण होते. त्याच्यावर कानाचे चित्र होते. दवाखान्यात डॉक्टर आईबद्दलचे सगळे प्रश्न बाबांना विचारत, म्हणून दादाने एक वाक्य भरून ठेवले होते. ते तोपर्यंत कधी वापरायची वेळ आली नव्हती. आईने ते दाबले आणि बाबांकडे बघत राहिली.

"मला विचारा," मी म्हणालो.

बाबा तिच्या खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसले. इतक्या महिन्यांत त्यांनी तो प्रश्न कधीच केला नव्हता, तो आता केला. "तुला कुठं राहायचंय?"

आईला नेमके बटण शोधायला वेळ लागला. सगळे थांबले. दुकानात इस्त्रीवाल्या काकू हाक मारत होत्या, तरी कुणी हलले नाही. शेवटी तिचे बोट चावीच्या चित्रावर आले.

"दुकान," मी म्हणालो.

तिला मागच्या खोलीतही राहायचे नव्हते. तिला माणसांत बसायचे होते. एवढी साधी गोष्ट, पण ती कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. मावशी आणखी तीन आठवडे राहिली. बाबांनी गल्ल्याची फळी खाली घेतली, चाकांची खुर्ची तिच्याखाली जाईल अशी, आणि फळीवर मला आणून ठेवले. बाबांना दार उघडायला कुठे जायचे असले की ते आधी काकूंना दुकानात बसवतात. आई आता दिवसभर दुकानात असते. घाबरलेले गिऱ्हाईक आले की ती त्याला पूर्ण बोलू देते आणि मग "शहाणेच आहात!" दाबते. माणूस दचकतो आणि हसतो.

दुकान मला मानवत नाही. चावी घासली की पितळेचा भुगा उडतो आणि माझ्या पंख्यात जातो. दुरुस्तीवाला म्हणाला, "इथं ठेवलात तर वर्षभर टिकला तरी नशीब." पाटीच्या आता तीन प्रती आहेत, त्यामुळे मी गेलो तरी आईचे बोलणे जाणार नाही. मला स्वतःला मागची खोली बरी वाटायची, पण मला कुणी विचारलेले नाही आणि तेवढ्यापुरती माझी तक्रारही नाही.

मित्रांनो, माझे थोडेच मागणे आहे. आमच्यासाठी पहारेकरी फुकटचा निवडा की विकतचा, पण एकच निवडा आणि ओळखीच्या दारातूनच आणा. 'पुढे' दाबण्याआधी वाचा. त्याच्या कोठडीत अधूनमधून डोकावा, आत घरचे कुणी बसले असेल. आमचा पंखा साफ करा. आणि तुमच्या घरात एखादे माणूस गप्प असेल, तर त्याला सगळे कबूल आहे असे धरून चालू नका. त्याच्यासमोर बसा, त्याला विचारा आणि थांबा. एक बोट हलायला वेळ लागतो.